दोन किलोमीटरवर

शनिशिंगणापुरात, देवळापासून जरा आत, कानिफनाथाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माणूस साठीला टेकलेला, बोलणं मऊ. साखर कारखान्यात हजेऱ्या लिहीत आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर त्याने हा कॉम्प्युटर घेतला. गावातल्या घरांना दारं नाहीत, म्हणून त्यानेही कॉम्प्युटरला पासवर्ड घातला नाही. कोणीही यावं, बसावं, काम उरकावं. परवानगी मागणारी कसलीही चौकट पडद्यावर आली, की कानिफनाथ 'हो' दाबायचा. आलेल्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

दर सोमवारी छबूबाई यायची. तिचा नवरा रंगनाथ दोन वर्षांपूर्वी लग्नाला म्हणून कोल्हारला निघाला, तो पोचलाच नाही. पोलिसांच्या वेबसाइटवर अनोळखी मृतदेहांचे फोटो येतात. कानिफनाथ ते दाखवायचा, ती एकेक निरखायची. "ह्ये न्हाईत," असं शेवटी म्हणायची आणि तेवढ्यावर पुढचा आठवडा काढायची.

त्या सोमवारी भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कानिफनाथाने ब्राउझरच्या वरच्या पट्टीत वेबसाइटचा पत्ता टाकला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि भलतंच पान उभं राहिलं. त्यावर एकच प्रश्न होता: 'कोणाला शोधताय?' त्याने पुन्हा पत्ता टाकला, ब्राउझर बंद करून उघडला. प्रश्न जागचा हलेना.

काय लिहिलंय, असं छबूबाईने विचारलं. त्याने वाचून दाखवलं.

"मंग सांग की त्याला," ती म्हणाली.

नवऱ्याचं नाव ती घेत नसे. कानिफनाथाने ते टाईप केलं. उत्तर झटकन आलं: 'रंगनाथ तुमच्या जवळ आहे. अंतर दोन किलोमीटर. फोन नंबर द्या, भेट घडवू.'

ती उठून उभी राहिली. माझा नंबर दे म्हणाली, आणि ते मढ्यांचे फोटो आता मला कधी दाखवू नकोस, असंही म्हणाली.

कानिफनाथ घाबरला. कोणीतरी येऊन या मशीनमध्ये काहीतरी बसवून गेलंय, पट्टीत काहीही टाकलं तरी ते आपल्याच पानावर ओढून नेतंय, हे त्याने परोपरीने सांगितलं. ती ऐकेना. तेव्हा त्याने आपल्या वडिलांचं नाव टाकलं. बारा वर्षांपूर्वी त्यानेच त्यांना अग्नी दिला होता.

'ज्ञानेश्वर तुमच्या जवळ आहे. अंतर दोन किलोमीटर.'

पंखा फिरत होता तरी कानिफनाथाच्या मानेवर घाम आला.

त्याने सेटिंग उघडलं. नेहमीच्या सर्च इंजिनच्या जागी अनोळखी नाव बसलं होतं. त्याने ते बदललं, पण बघता बघता तेच नाव परत आलं. मग ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या, यादीत त्याने कधीच न घेतलेलं एक दिसलं. ते काढायच्या बटणावर माउसचा बाण गेला आणि तिथेच थांबला. पडद्यावरच्या शेजारच्या खिडकीत वडील अजून दोन किलोमीटरवर होते.

छबूबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच खाली बसली.

"काढ, बाबा," ती म्हणाली. "तुज्या बापाला आगीत जाताना म्या बघितलंय."

त्याने एक्स्टेन्शन काढलं, जुनं सर्च इंजिन परत लावलं, पत्ता टाकला. पोलिसांचं पान निमूट उघडलं. छबूबाईने स्टूल पुढे ओढलं आणि पहिला फोटो मोठा करायला सांगितलं. त्याने केला. पण पाठीमागे रस्त्यावरून कोणीतरी पाय ओढत येतंय, असं त्याला सारखं वाटत होतं. सगळे फोटो संपेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.