अर्ध्या अंधारातला चित्रकार

मेव्हणे गेल्यानंतर सहा महिन्यांनी मी ताईला घेऊन संग्रहालयात गेलो होतो. तिथे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय चित्रकाराने रंगवलेलं स्वतःचंच चित्र होतं. विस्कटलेले केस, पांढरी कॉलर आणि अर्धा चेहरा अंधारात.

"किती उदास आहे हा," मी म्हणालो.

ताई बराच वेळ बघत राहिली. "उदास कशावरून? तो आरशात बघून चित्र काढतोय. एवढं टक लावून बघताना कुणाचाही चेहरा असाच दिसेल."

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. चेहऱ्यावर सावली दिसली की आपण तिला दुःख म्हणून मोकळे होतो. त्या माणसाला कदाचित आपल्या केसांचं कौतुकही असेल. ताई खचली आहे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तिला मात्र कधी विचारलंच नव्हतं.

"ताई, तुला कसं वाटतंय?"

"राग येतो," ती शांतपणे म्हणाली. "आजार शेवटपर्यंत लपवला त्यांनी माझ्यापासून."

आम्ही तिथल्याच बाकावर बसलो. ती बोलत राहिली आणि मी पहिल्यांदाच तिची समजूत न घालता ऐकत राहिलो.