डाव्या चाकाचा हिरवा दिवा

विमानाच्या पोटाखाली मी पहिल्यांदा आडवा झालो तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. असल्या कामाला कुणी पांढरा शर्ट घालत नाही. पण मी मनातून कामाला गेलोच नव्हतो, नोकरीला लागायला गेलो होतो.

कडेगावात माझा गाळा. वीस-बावीस वर्षं ट्रॅक्टर-ट्रकचं वायरिंग केलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मी अशी रोषणाई करून देई, की समोरून येणाऱ्याला वाटावं वरातच आली. मग नवे ट्रॅक्टर आले. त्यांच्या तारा सीलबंद, दिवे सीलबंद, दुरुस्ती थेट शोरूमला. माझ्याकडे दिवसाकाठी एखादा हॉर्न यायचा. त्याच्याशीच गप्पा मारायच्या.

अशात कळलं, की तासाभराच्या वाटेवर, जिथं पोरंपोरी विमान चालवायला शिकतात, त्या धावपट्टीवर वायरिंगचा माणूस हवाय. तिथले इंजिनिअर साहेब फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे लोणंदकडचे. फोनवर म्हणाले, "एक दिवा मंद जळतोय. तेवढा फॉल्ट शोधून दाखवा, मिस्त्री. मग कायमचं बोलू."

'कायमचं' हा शब्द ऐकला आणि मी त्याच संध्याकाळी गाळ्याच्या मालकाला सांगून टाकलं, महिनाअखेर गाळा सोडतो. बायको म्हणाली, "आवं, आधी तो दिवा तर लागू द्या." मी तिच्याकडे बघून असा हसलो, जसं फक्त विमानवाले हसत असतील.

विमान चार जणांचं. उडालं की चाकं पोटात घेणारं, उतरायच्या आधी बाहेर काढणारं. चाक बाहेर येऊन घट्ट बसलं की पायलटसमोर त्या चाकाचा हिरवा दिवा लागतो. तीन चाकं, तीन दिवे. त्यातला डाव्या चाकाचा इतका मंद, की साहेब हाताचा आडोसा करून त्यात वाकून बघत होते, विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे.

मी बल्बांची अदलाबदल केली. बल्ब बदलला तरी जागा मंदच. म्हणजे बल्बचा दोष नाही. मग तारेचा माग काढत पंखातून चाकाच्या पायापर्यंत पोचलो. तिथं अंगठ्याएवढा एक स्विच. पाय घट्ट बसला की तो दाबला जातो आणि दिवा लागतो. स्विच आतून गंजलेला. वीज त्यातून नुसती रांगत होती.

साहेब ऑफिसात फोनवर होते. आमच्या धंद्यात गंजक्या स्विचवर एकच औषध, डायरेक्ट! स्विच वगळायचा आणि तार सरळ धातूच्या बॉडीला जोडायची. या औषधानं मी अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर बरे केलेत. पाच मिनिटांत जोडणी केली. दिवा असा भडकला, की बाकीचे दोन त्याच्यापुढं लाजले.

मी हँगरच्या दारात उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून हाक मारली, "साहेब! या!"

साहेबांनी बघितलं आणि त्यांच्या मिशा रुंदावल्या. "व्वा, मिस्त्री! काय केलं वो?"

"ते धंद्याचं गुपित हाय," मी म्हणालो. टाळी मिळायची वाट बघत होतो.

"ऱ्हाऊ द्या गुपित. चाकं आत घेऊन बघू."

विमान जॅकवर उचलून ठेवलेलंच होतं. साहेबांनी आत बसून चाकांची दांडी वर केली. पंप गुरगुरला, तिन्ही चाकं दुमडून पोटात गेली. दोन दिवे विझले. माझा दिमाखात जळत होता.

"मिस्त्री, डावं चाक कुठं हाय?"

"पोटात."

"आन दिवा काय म्हणतोय?"

मी फडक्यानं पक्कड पुसायला घेतली.

"बोला की. मगाशी लय बोलत हुता."

"खाली हाय म्हणतोय."

"ह्यावर इश्वास ठेवून माझी एखादी पोर उतरली असती."

मी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "आवं साहेब, तार काढतो की. दोन मिनिटांचं काम."

"काढाच. चुकला ह्याचं काय न्हाई, मिस्त्री. मी बी चुकलोय. पण मी इचारलं तवा तुमी सांगितलं न्हाई. असला माणूस मला हितं ठेवता येत न्हाई."

मी तार काढली, स्विच होता तसा जोडला. साहेबांनी माझं काम दोनदा तपासलं. दिवा पुन्हा मंद झाला. तो स्विच बनवायचं कंपनीनं केव्हाच बंद केलंय, हे साहेबांनी तेव्हा सांगितलं. ते सांगताना माझ्यापेक्षा तेच जास्त थकलेले दिसले. मग आम्ही दोघांनी मिळून विमान जॅकवरून उतरवलं आणि ढकलत हँगरच्या कोपऱ्यात नेलं.

मोटरसायकलवरून येताना मी हा किस्सा तऱ्हातऱ्हांनी सांगून बघितला. एका तऱ्हेत चूक साहेबांची होती, दुसरीत विमानाची. दोन्ही चांगल्या रंगल्या. नोकरी मात्र एकीतही लागली नाही.

गाळ्यापाशी आलो तर शटर वर होतं. मालकानं नवा भाडेकरू बघून ठेवला होता, मोबाईलवाला. तो काचेच्या काउंटरसाठी मापं घेत होता. मी मालकाला गाठून म्हणालो, गाळा सोडायचं रद्द. मालक म्हणाला, "आता कसं? त्येला शब्द दिलाय."

मोबाईलवाला आतून ओरडला, "चाचा, टेपचं एक टोक धरता का जरा?"

मी आत जाऊन टोक धरलं. साडेनऊ फूट भरले.