पांढऱ्या शर्टाला आयोडीन

आमच्या ह्यांच्याकडे पांढरा शर्ट एकच होता, आणि तो मी शास्त्र वाचून वाया घालवला.

चिंचवडच्या चाळीत आम्ही खाली, कुसुम बरोब्बर आमच्या डोक्यावर. दोघींचे नवरे एकाच कंपनीत लेथवर. पण तिच्या नवऱ्याचे शर्ट असे पांढरे, की दोरीकडे बघताना डोळे दिपायचे! (तरी बघायचेच मी. रोज!) त्या संध्याकाळी ह्यांना उत्तम कामगाराचं बक्षीस होतं, फोटोसकट. स्टेजवर नवरा माझा, आणि लोक बघणार कुसुमच्या नवऱ्याचा शर्ट? छे!

"ती ब्लीचिंग पावडर घालते, आई," अकरावीतली आमची शोभा म्हणाली. "क्लोरीन असतं त्यात. माग की चमचाभर."

"मरेन, पण मागणार नाही!"

तेवढ्यात शोभाच्या पुस्तकातला मूलद्रव्यांचा तक्ता दिसला. क्लोरीनच्याच उभ्या रांगेत, दोन घरं खाली, आयोडीन!

"हे दोघं एका रांगेत कसे गं?"

"एकाच गणातले. दोघांच्याही बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, भरायला एक कमी. तो दुसऱ्याकडून ओढायला टपलेले. म्हणून वागणं सारखं."

(एक कमी, आणि तो दुसऱ्याचा ओढायचा! मंडळी मला लगेच घरचीच वाटली.)

शोभा कॉलेजला गेली. फळीवर ह्यांच्या कापल्या बोटासाठी आणलेली टिंक्चर आयोडीनची बाटली होती. वागणं सारखं, तर काम सारखं! कडक खळ घातलेला शर्ट बादलीत टाकला आणि अख्खी बाटली ओतली. तपकिरी म्हणेपर्यंत निळा, निळा म्हणेपर्यंत काळाकुट्ट!

हे आले, बादलीत डोकावले. "कोण गेलं गं?"

मागोमाग शोभा. "आई! सारखं म्हणजे तेच नव्हे! त्या गणात खाली जाल तसा जोर कमी होतो. आणि खळीवर आयोडीन पडलं की काळंनिळंच होणार!"

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"तू शर्टाला लावणार, हे बोललीस कुठे?"

साडेचार वाजले. शेवटी मुकाट्यानं जिना चढले. कुसुमनं नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट काढून दिला. एवढंच म्हणाली, "ताई, पावडर मागितली असतीत तरी दिली असती हो."

समारंभात साहेब माईकवरच म्हणाले, "वा! काय शुभ्र शर्ट! धुतला कुणी?"

हे सरळमार्गी. ह्यांचं बोट कुसुमकडे वळणार, तोच मी खुर्चीवरून उठून ओरडले, "मी!"

फोटो अजून भिंतीवर आहे. खाली जाल तसा जोर कमी होतो म्हणे. असेल बाई आयोडीनचं तसं. आमच्या चाळीत मात्र मत्सराचा सगळा जोर तळमजल्यालाच होता!