हडपसरहून अंटार्क्टिकाला

मी भूगोल शिकवायचे. शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण बर्फ पडताना कधी पाहिला नव्हता. कुलू-मनालीची सहल दर उन्हाळ्यात ठरायची आणि दर उन्हाळ्यात कुणाची तरी मुंज निघायची. त्यामुळे परदेशातल्या एका संस्थेचा मेल शाळेत आला, की निवडक शाळांतून एक विद्यार्थी आणि एक शिक्षक आम्ही जहाजाने अंटार्क्टिकाला नेणार, खर्च आमचा, तेव्हा मुख्याध्यापकांनी तो मला केवळ गंमत म्हणून वाचून दाखवला. मी मात्र शाळेचं नाव पाठवून दिलं.

मुलांची मुलाखत संगणकावर झाली. आमच्या शाळेतून शेवटी एक मुलगी उरली. नववीतली, हडपसरच्या पलीकडच्या एका गावातली. गाव आता नावापुरतंच. निम्म्या शेतांवर इमारती उभ्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यात हिच्या घरचे लोक मेथी, पालक, कोथिंबीर पिकवायचे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तू बर्फ कधी पाहिला आहेस का?"

मुलगी इंग्रजीत म्हणाली, "हो. रसवंतीत. गोणपाटात गुंडाळलेला."

बाई हसल्या नाहीत. "मग तो वितळू नये म्हणून गोणपाट का वापरतात?" असं त्यांनी विचारलं, आणि पुढे बराच वेळ दोघी त्यावरच बोलत राहिल्या. पुढच्या आठवड्यात निवड झाल्याचं कळलं.

घरी सांगितलं तेव्हा आमचे हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मंडईतून दोन पिशव्या आणायच्या तर तुला रिक्षा लागते. दक्षिण ध्रुवापर्यंत काय, शेअर रिक्षा मिळते का?"

"ध्रुवापर्यंत नाही जायचंय. काठापर्यंतच."

"मग ठीक आहे. काठावरून लवकर ये."

दुसऱ्या दिवशी मात्र कुणाला न सांगता ते लक्ष्मी रोडवर जाऊन लोकरीचे मोजे घेऊन आले. एवढे जाड, की ते घालून माझ्या कुठल्याच चपलेत पाय जाईना.

मुलीच्या आईची परवानगी काढायला मी त्यांच्या घरी गेले. बाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी नकाशा उघडला. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिकडं मानसं न्हाईत म्हनता?"

"राहणारी नाहीत. शास्त्रज्ञ येऊन जाऊन असतात."

"मानसं न्हाईत तर मग भ्याचं काय कारन हाय?" त्या म्हणाल्या. "थंडीचं तेवढं बघावं लागंल. पोरगी हितल्या पुसाच्या थंडीत बी चुलीपासनं उठत न्हाई."

थंडीची सोय त्यांनीच केली. त्यांचा भाऊ बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. एका रविवारी मी आणि मुलगी अंगावर मिळेल ते सगळं चढवून त्या गोदामात जाऊन बसलो. चारी बाजूंना बटाट्याची पोती छतापर्यंत. बाहेर लोक घाम पुसत होते आणि आत आमच्या तोंडातून वाफ निघत होती. मामा दर थोड्या वेळानं दार किलकिलं करून विचारायचे, "मॅडम, हायसा का?" आम्ही आतून ओरडायचो, "आहोत!" मुलीनं वेळ जावा म्हणून मला पाठ केलेली सगळी माहिती म्हणून दाखवली, खंडाचं क्षेत्रफळ, समुद्रप्रवाह, पेंग्विनांच्या जाती. शेवटी तिचे दात वाजायला लागले तेव्हा आम्ही बाहेर आलो आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. तेवढा गोड चहा मी आयुष्यात कधी प्यायले नाही.

विमानं बदलत आम्ही दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पोहोचलो. तिथे जहाजावर चढलो. निरनिराळ्या देशांची मुलं होती, सगळी मोठमोठ्यानं बोलणारी. आमची मुलगी पहिल्या जेवणाला माझ्या शेजारी खाली मान घालून बसली. पण जहाज खुल्या समुद्रात शिरलं आणि चित्र पालटलं. तो समुद्र सगळ्यांत खवळलेला म्हणून मी दरवर्षी शिकवत आले होते. आता तो मला शिकवत होता. मी बिछान्याला खिळले. देशोदेशीचे शिक्षक आपापल्या खोल्यांतून कण्हत होते. ही मात्र ताठ. सकाळ-संध्याकाळ माझ्या उशाशी येऊन आलेपाकाचा तुकडा पुढे करायची. "मॅडम, चघळा. गिळू नका." मग इतरांनाही वाटून आली. त्या आलेपाकावर तिच्या ओळखी झाल्या. मी उठून बसले तेव्हा ती ब्राझीलच्या दोन मुलींना लंगडी शिकवत होती, हलत्या डेकवर.

जमिनीवर उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे तपासले. बाहेरचं बी, माती, काहीही त्या भूमीवर जाता कामा नये असा नियम. खिसे उलटे करून, शिवणींवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवून, बुटांचे तळवे घासून पाहत होते. एक तरुण शास्त्रज्ञ बाई चिमटा घेऊन बसल्या होत्या. आमच्या मुलीच्या जाकिटाच्या वेल्क्रोच्या पट्टीतून त्यांनी काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं. कुसळं होती.

मुलीचा चेहरा पडला. "आमच्या बांधावरची हायत," ती मला हळूच म्हणाली. "कपडे वाळत टाकले होते तिथं. आता मला न्हाई उतरू देणार का?"

मी ते त्या बाईंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "ती उतरेल. कुसळं इथे राहतील." आणि मुलीला समोर बसवून समजावलं, की जहाजांबरोबर, बुटांबरोबर आलेलं परकं गवत इथल्या काही बेटांवर रुजलं आहे, हवा जशी उबदार होत जाईल तसं ते पसरणं सोपं होईल. मुलगी फार लक्ष देऊन ऐकत होती. नंतर उरलेल्या सगळ्या मुलांची जाकिटं तपासायला ती स्वतःच बसली.

दुसऱ्या दिवशी रबरी होडीतून उतरलो. आधी आला तो वास. पेंग्विनांच्या वस्तीला इतका वास येतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग गलका, मंडईत सकाळी असतो तसा. मी गोठून उभी होते. पांढरा रंग मी आजवर खडूचाच पाहिला होता. इथे त्यात निळा होता, हिरवट होता, राखाडी होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते वाऱ्यामुळे आहे असं मी स्वतःला सांगितलं.

"मॅडम, सरका!" मुलीनं माझी बाही ओढली. "तुम्ही त्यांच्या वाटेत उभ्या हायसा."

मागे वळून पाहिलं. बर्फात पायांनी तुडवून झालेली एक चिंचोळी वाट होती आणि तिच्यावर एक पेंग्विन थांबला होता. मी बाजूला झाले. तो माझ्याकडे न बघता डुलत समुद्राकडे गेला, त्याच्या मागून आणखी दोघे. आम्ही दोघी हसत सुटलो. इतक्या हसलो, की चिमटेवाल्या बाईंनी लांबून बोटानं गप्प केलं.

दुपारी त्याच बाईंनी आम्हाला एका हिमनदीसमोर नेलं आणि जुना फोटो दाखवला. फोटोत जिथे बर्फाची भिंत होती, तिथे आता आम्ही उघड्या काळ्या खडकावर उभे होतो. समोरच्या भिंतीचा एक कडा गडगडत पाण्यात कोसळला, लाट आली आणि विरली. आमची मुलगी खाली वाकून खडकाला हात लावून बघत होती.

परत आल्यावर शाळेत तिचा सत्कार झाला. मुलांनी पेंग्विन चावतो का आणि शी कुठे करायची, एवढंच विचारलं. गावात मात्र तिला वेगळंच सुचलं. गावामागून एक ओढा वाहतो, त्यात सगळ्या इमारतींचा आणि बाजाराचा कचरा पडायचा. तिनं वर्गातल्या मुलांना घेऊन एक काठ साफ केला. आठवड्याच्या बाजारानंतर तो पुन्हा भरला. पुन्हा साफ केला, पुन्हा भरला. ती माझ्याकडे येऊन रडली. "तिथं एक कुसळ चालत न्हाई मॅडम, आणि इथं!"

उत्तर तिच्या आईनं काढलं. बाजाराच्या दिवशी सकाळी त्या ओढ्याच्या काठावर मेथीची पाटी मांडून बसल्या. कुणी पिशवी घेऊन आलं, की मोठ्यानं म्हणायच्या, "या या! टाका! तुमच्यासाठीच तर देवानं हा ओढा काढलाय!" भावकीतल्या बाईनं चारचौघांत असं म्हटल्यावर पिशवी टाकायची कुणाची छाती होती? दोन-तीन बायका आणखी येऊन बसल्या. तिथेच भाजीचा छोटा बाजार भरायला लागला. सरपंचांनी कुरकुरत का होईना, कचऱ्याची गाडी सुरू केली.

सगळं चांगलं झालं असं मात्र नाही. ओढ्याचा खालचा भाग पुढे एका बिल्डरनं पाइपात घातला. वरचा तेवढा उघडा राहिला. मुलगी शिकली, काही वर्षं हिंजवडीत नोकरी केली, कंपनीच्या बसमध्ये झोपून जायची-यायची. मग ती सोडून भूजलाचं काम करणाऱ्या एका गटात गेली. आता आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींची पातळी मोजत हिंडते. पगार कमी आहे म्हणून आई तिला बोलते, आणि भेटेल त्याला तिचं काम काय आहे ते समजावून सांगते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर मुलगी आम्हाला ओढ्यावर घेऊन गेली. गुडघाभर पाणी होतं, तळ दिसत होता. आमचे हे काठावर काठी टेकून वाकून तळ पाहू लागले. मग म्हणाले, "एवढं बघायला तुम्हाला अंटार्क्टिकाला जावं लागलं?"

"हो काका," ती म्हणाली. "लागलं."

उतारावर तिनं त्यांचा हात धरला आणि ते तिच्या आधारानं सावकाश पाण्यापर्यंत उतरले.