आखूड केलेला रनअप

शुक्रवारी दुपारी गेम पार्लरमधून निरोप आला, कीबोर्ड तुटलाय, लगेच या. शुक्रवार म्हणजे भिवंडीत कापडाच्या लूमची सुट्टी. त्या दिवशी गेम पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. मी पोचले तेव्हा मारामारी मिटली होती. नारपोलीच्या एकाच कारखान्यात काम करणारे दोन मित्र एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मध्ये टेबलावर कीबोर्ड, त्याची बटणं खाली फरशीवर.

भांडण मी लिहिलेल्या क्रिकेटच्या गेमवरून झालं होतं. एकाने बॅटिंग घेतली, दुसऱ्याने बोलिंग. अर्ध्या तासाची पाळी संपली आणि मशीन बंद झालं. तोवर पहिल्याचीच इनिंग चालू होती.

"मैं आधा घंटा सिर्फ बॉल डालता रहा," दुसरा मला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "हफ्ते में एक दिन छुट्टी मिलती है. मेरी बैटिंग कब आएगी?"

खरं उत्तर 'संध्याकाळी' असं होतं; मॅच पन्नास ओव्हरची होती. नवा कीबोर्ड जोडून दिला आणि परत निघाले.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी टेमघरची. घरात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिलीच. डिप्लोमा झाल्यावर बाळारामदादांच्या ऑफिसात प्रोग्रामर म्हणून लागले. दादा मूळचे वडप्याचे. हायवेलगतच्या त्यांच्या शेतात गोडाऊन उभी राहिली आणि कुठला माल कुठल्या रांगेत ठेवलाय हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. तो मी लिहून दिला. मग दादांच्या मनात आलं की आपला क्रिकेटचा गेम काढायचा. कल्याण नाक्यावर त्यांच्या पुतण्याचं पार्लर होतं. तिथे बाहेरचे गेम चालायचे. त्यातलं क्रिकेट दादांना पटायचं नाही.

"दर दुसऱ्या बॉलला शिक्स. हे काय क्रिकेट हाय?" ते म्हणाले होते. "तू खरी मॅच बनव. पन्नास ओव्हरची. टीव्हीवर दिसतंय तशी."

मी तशी बनवली. क्रिकेटच्या गेमच्या पोटात काय असतं ते थोडं सांगते. प्रत्येक बॉलला कॉम्प्युटर एक आकडा उचलतो, डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसा. त्याला रँडम नंबर म्हणतात. खेळणाऱ्याने बटण कधी दाबलं, बोलर कोण आहे, बॅट्समन सेट झालाय की नवा आहे, हे सगळं त्या आकड्यात मिसळायचं आणि मग ठरवायचं, चौकार की आउट की काहीच नाही. खऱ्या मॅचमध्ये पुष्कळ बॉलला काहीच होत नाही. अडवला, सोडला, किपरकडे गेला. मी तेही खरं ठेवलं होतं. दादा बघून खूश झाले. पण त्यांनी बघितलं ते चहाचा कप हातात घेऊन, दुसऱ्याला खेळताना. पूर्ण मॅच बसून कोणी खेळलंच नव्हतं.

कीबोर्डच्या प्रकरणानंतर दादांनी मला आत बोलावलं. मुंबईचा एक सीडी काढणारा डिस्ट्रिब्युटर गेम बघायला येणार होता. त्याने फोनवर आधीच सांगितलं होतं की मॅच अर्ध्या तासात संपत नसेल तर मला बोलावूच नका. त्याला गेम पटला नाही तर दादा हे काम बंद करणार होते. मला गोडाऊनचं काम होतंच. पण गेमची चित्रं काढायला ठेवलेल्या आरिफला मग काही काम उरलं नसतं.

"अर्ध्या तासात दोघांची बॅटिंग झाली पायजे," दादा म्हणाले.

"मग पाच-पाच ओव्हरची मॅच करावी लागेल."

"कर. पण खोटी वाटली न्हाय पायजे."

बाहेर येऊन मी ओव्हरचा आकडा बदलला. पन्नासचे पाच. एका ओळीचं काम. मॅच चालवली तर पाच ओव्हरमध्ये बिनबाद अठरा. बरोबरच होतं. माझे बॅट्समन पन्नास ओव्हर खेळायच्या हिशोबाने उभे होते. बॉल जुना होईपर्यंत दम धरत होते. म्हणून मी रन वाढवले, तर सगळे सगळ्यांना बदडायला लागले. चांगला बोलर आणि साधा बोलर यांत फरक उरला नाही. पुढचा आठवडाभर मी तेच करत होते. इथे वाढवायचं, तिथे कमी करायचं, चालवून बघायचं. संध्याकाळी घरी जाताना डोळ्यांसमोर स्कोअरबोर्ड फिरत असायचा. मला क्रिकेटचा कंटाळा आला होता हे मी दादांना सांगितलं नाही.

तेच एका रविवारी म्हणाले, चल, गावाला टुर्नामेंट हाय. वडप्याला मोकळ्या शेतात टेनिस बॉलच्या मॅचेस होत्या. थोड्याच ओव्हरच्या. मी मंडपात बायकांमध्ये बसून दिवसभर बघत राहिले. तिथे पहिल्या बॉलपासून बॅट फिरत होती. रन होत होते, पण विकेटही पडत होत्या, आणि आउट होऊन येणाऱ्याला कोणी बोलत नव्हतं. उरलेले बॉल थोडे, बॅट्समन भरपूर. विकेट स्वस्त झाली होती.

सोमवारी मी तेवढंच लिहिलं. किती बॉल उरलेत आणि किती विकेट हातात आहेत हे आधी बघायचं, मग बॅट्समनने किती धोका घ्यायचा ते ठरवायचं. जोरात मारलं तर रन जास्त, पण कॅचही जास्त. आता पाच ओव्हरचा स्कोअर बघून हसू येत नव्हतं. चांगला बोलर पुन्हा चांगला झाला.

तरीही मॅच अर्ध्या तासात बसेना. मी एक ओव्हर नीट बघितली. प्रत्यक्ष खेळ, म्हणजे बॉल सुटण्यापासून थांबण्यापर्यंत, फार थोडा वेळ चालायचा. बाकी सगळा वेळ दोन बॉलच्या मधला. फिल्डर बॉल परत फेकतो, किपर टाळी वाजवतो, बोलर आपल्या खुणेकडे चालत जातो, वळतो, धावत येतो. फिल्डरची फेक आणि किपरची टाळी मी लगेच उडवली. राहिला बोलरचा रनअप.

तो आरिफने काढला होता. आरिफ नारपोलीचा, घरचे लूम असलेला. स्क्रीनवर माणूस धावतो म्हणजे खरं तर चित्रामागून चित्र दाखवायचं. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. फ्रेम जास्त तितकं धावणं खरं. आरिफने ती प्रत्येक फ्रेम माउसने टिंबाटिंबाने काढली होती. त्याचा फास्ट बोलर म्हणजे हुबेहूब त्याचा थोरला भाऊ युसूफ. मोहल्ल्याच्या टीमचा बोलर. काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी सौदीला गेला आणि अजून सुट्टीवर आला नव्हता. एका दुपारी आरिफची अम्मी ऑफिसात आली होती. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. आरिफने फक्त रनअप पुन्हा पुन्हा चालेल असं लावून दिलं. बोलर खुणेपाशी थांबायचा, मागे हात नेऊन कॉलर नीट करायचा, मग धावायला लागायचा. अम्मी बराच वेळ बघत होती.

"कॉलर बिल्कुल वैसे ही ठीक करता है," एवढंच म्हणाली.

आता तो रनअप कापायचा हे मी आरिफला सांगितलं. कारणही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"काट दो," तो म्हणाला. "गेम आपका है, दीदी."

मी कापला. आरिफ दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मॅच मात्र अर्ध्या तासात बसली. बोलर थेट क्रीजवर दिसायचा आणि हात फिरवायचा. शुक्रवारी आम्ही ती पार्लरमध्ये टाकली. तासाभरात लोक उठून दुसऱ्या मशीनकडे जायला लागले. सगळे बोल्ड होत होते. कोणालाच बटण वेळेवर दाबता येईना. ते भांडलेले दोघेही आले होते. आता दोघांची बॅटिंग येत होती आणि दोघांनाही रन होत नव्हते.

कारण कळायला मला थोडा वेळ लागला. बॅटिंग करणारा बोलरच्या पावलांकडे बघत असतो. पावलं जवळ येतात तसं त्याचं बोट तयार होतं. मी वेळ वाचवायला जे कापलं, त्याच्यावरच त्याचा अंदाज चालत होता. आणि सगळं परत टाकलं तर मॅच पुन्हा लांबणार. त्या दिवशी मला खरंच वाटलं, दादांना सांगावं की हे होणार नाही, मला गोडाऊन द्या.

सांगितलं नाही. आरिफच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, काही फ्रेम परत घ्यायच्या आहेत, कुठल्या घ्यायच्या ते तू ठरव.

त्याने सगळा रनअप एकदा हळू चालवून बघितला. मग सुरुवातीच्या फ्रेम एकेक करून काढायला लागला. खुणेपाशी थांबणं गेलं. शेवटची काही पावलं आणि उडी ठेवली. कॉलरच्या फ्रेमवर तो जरा थांबला.

"इससे टाइमिंग नहीं बनता," म्हणाला, आणि त्याही काढल्या.

मी म्हटलं, मॅचच्या पहिल्या बॉलला पूर्ण रनअप दाखवू, एका बॉलने काही उशीर होत नाही. मी तसं लिहून टाकलं.

डिस्ट्रिब्युटर आला. दादांशी एक मॅच खेळला आणि जिंकला. दादा म्हणत होते की शेवटचा नो बॉल होता. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. निघताना त्याने एकच बदल सांगितला. पहिल्या बॉलचा लांब रनअप नको असेल तर स्पेसबार दाबून पुढे जाता आलं पाहिजे. मी तेही केलं. सीडी निघाली. वर्ष-दीड वर्ष बऱ्यापैकी चालली. मग बाहेरचे नवे गेम आले, त्यातल्या बोलरच्या अंगावर सावलीसुद्धा पडायची. पुतण्याने पार्लर मोडून सायबर कॅफे काढला. आरिफला अंधेरीला एका टीव्हीच्या जाहिरातींच्या स्टुडिओत काम मिळालं.

पार्लर मोडायच्या आधी युसूफ सुट्टीवर आला होता. आरिफ त्याला घेऊन आला. मी तिथे मशीन दुरुस्त करत होते. युसूफ आता अंगाने सुटलेला, शांत माणूस. मॅच सुरू झाली. पहिल्या बॉलला बोलर खुणेपाशी थांबला, हात मागे नेऊन कॉलर नीट करू लागला, आणि युसूफने स्पेसबार दाबला. मग मन लावून पाच ओव्हर खेळला. छान खेळला.

तो बाहेर गेल्यावर मी आरिफला विचारलं, तो बोलर म्हणजे तोच, हे त्याला का सांगितलं नाहीस.

"बता देता तो देखना पड़ता उसको," आरिफ म्हणाला.

त्यानंतर मी गोडाऊनचीच सॉफ्टवेअर लिहिली, अजूनही लिहिते. नवा क्लायंट आला की म्हणतो, मॅडम, स्क्रीनवर सगळं अगदी खरं दिसलं पाहिजे. मी होकार देते आणि विचारते, त्यासाठी स्क्रीनपुढे किती वेळ थांबाल. अजून तरी कोणाचं उत्तर मिनिटांच्या पुढे गेलेलं नाही.