बाईचा गोड आवाज

मला दिसत नाही. वकिली मी कानांनी करतो. लॅपटॉपमधला एक जुना प्रोग्रॅम दाव्याचे कागद वाचून दाखवतो. आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा, पण वेग असा की शेजारच्याला अक्षर कळत नाही. मला कळतं. आधी वाचायला माणसं ठेवली होती. ‘यात काही विशेष नाही’ म्हणत ती पानं गाळायची. विशेष काय ते ठरवणारे तुम्ही कोण?

तर लॅपटॉप अडखळायला लागला म्हणून कॉम्प्युटरवाल्याकडे दिला आणि त्यानं मला न विचारता नवं लिनक्स टाकलं. जुना प्रोग्रॅम ज्या फायलींच्या आधारावर चालायचा, त्या नव्या सिस्टीममध्ये नव्हत्याच. तो मुका झाला. त्याच्या जागी नव्या सिस्टीममधला बाईचा आवाज आला.

“लय जुनं झालतं साहेब. आता ऐका, बाई कशी गोड बोलायली.”

कोर्टातल्या बार रूममध्ये सगळे वकील जमले, वाहवा झाली. गोड होतीच बाई, पण आमंत्रण दिल्यासारखी सावकाश बोलायची. वेग वाढवला की शब्दांचा नुसता काला. ऐकायचं मला आणि पसंती यांची! माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी चारठाण्याच्या एका बाईच्या पोटगीच्या दाव्यात तिच्या नवऱ्याची उलटतपासणी होती. कागदांचा हा गठ्ठा. “तारीख घ्या की,” एक ज्येष्ठ वकील म्हणाले. तारीख घ्या! ती बाई दर तारखेला मजुरी बुडवून जीपला लोंबकळत येते, हे यांच्या गावीही नाही.

त्याच संध्याकाळी घरी बसलो. बॅकअपमधून जुन्या फायली काढायच्या, प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवायच्या आणि त्याला सांगायचं, आधी इथं बघ. एक दिली की तो दुसरी मागायचा. आणि काय मागतोय ते मला सांगणार कोण, तर हीच गोड बाई! “फाइल... सापडली... नाही.” मी तिला शिव्या घातल्या.

“कुणावर वरडायलाव?” बायको आतून म्हणाली.

अखेर पत्र्यावर खडे पडले. जेवणाआधी गठ्ठा वाचून झाला. एका जबाबात नवऱ्यानं ट्रॅक्टर स्वतःचा सांगितला होता, दुसऱ्यात, पोटगी टाळायला, भावाचा. वाचणाऱ्यानं हमखास गाळलं असतं असं ते पान होतं.

सकाळी कोर्टाच्या पायरीवर ती बाई भेटली.

“साहेब, आज बी तारीखच का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “आज ट्रॅक्टर कुणाचा ते त्याला सांगावं लागंल.”