बायोडाटा वाचणारी सुंदरबाई

आसगावात कोणाच्या घरी स्थळ आलं, की मुलाचा बायोडाटा आधी देवापुढे ठेवतात आणि मग सुंदरबाईपुढे. देव काही बोलत नाही. सुंदरबाई बोलते.

नववीपर्यंत शिकलेली, चौपन्न वर्षांची, चार एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सांभाळणारी ही बाई बायोडाटा वाचायला बसली की आधी पदराने चष्मा पुसते आणि कागद खालून वर वाचत जाते. वरच्या ओळीत गणपती असतो, नाव असतं, गोरा रंग असतो. धानाच्या पोत्यातही वरची मूठ सगळे चांगलीच ठेवतात. व्यापाऱ्याच्या दुकानात तांदूळ घ्यायला गेली तरी ती कोपरापर्यंत हात खुपसून तळचा दाणा काढते, दाताखाली धरते, कट्‌कन तुटला तरच जुना म्हणते.

"एवढा संशय बरा नाही," नवरा सोमाजी म्हणायचा. "तू त देवाले वाहाचा नारळबी आधी हालवून पायतं."

"मंग? सडका वाहू का?"

ही संशयाची सवय तिला जन्मापासून नव्हती. ती मोठ्या मुलीच्या, टीनाच्या लग्नात लागली. आठ वर्षांपूर्वी भंडाऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलाच्या शिक्षणापुढे लिहिलं होतं, 'बी. ई. अपिअर्ड'. मध्यस्थ गोमाजी छातीवर हात ठेवून म्हणाला, "अपिअर्ड म्हंजे झालाच समजा, बाई." अजून दोघांना विचारलं, तेही हेच म्हणाले, अगदी याच शब्दांत. लग्न लागलं, आणि सहा महिन्यांनी टीना माहेरी आली तेव्हा कळलं, जावयाचे चार विषय राहिलेत. ते आजही राहिलेलेच आहेत. जावई वाईट नाही, मोबाइलच्या दुकानात बसतो. पण घर टीनाच्या शिलाई मशीनवर चालतं.

तेव्हा धाकटी कामिनी कॉलेजात होती. ती सहज बोलून गेली, "आई, अपिअर्ड म्हंजे परीक्षेले बसला. पास झाला असं त्यात कुठी लिवलं हाय?"

"मंग हे आधी काहून नाही सांगतलं?"

"मले कोणी विचारलं?"

त्या दिवशी सुंदरबाईने दोन गोष्टी ठरवल्या. एक, इंग्रजी शब्दाचा अर्थ तीन जणांना वेगवेगळं गाठून विचारायचा. दुसरी, तिघांनी जर एकाच शब्दांत उत्तर दिलं तर समजायचं की ते आपसात बोलून आलेत. ज्याला खरंच ठाऊक असतं तो आपल्या तऱ्हेने सांगतो.

मग वही आली. शंभर पानी, मागे पाढे असलेली. एका ओळीत दोन दोन शब्द, देवनागरीत. 'बिझनेस' आणि 'सेल्फ-एम्प्लॉइड'. 'ओन हाउस' आणि 'फॅमिली हाउस', म्हणजे दुसऱ्यात चार काका वाटेकरी. 'वर्किंग' आणि 'वर्क्ड'. दारूच्या रकान्यातल्या 'ऑकेजनल' आणि 'सोशल' या जोडीवर तर तिने पूर्ण पान खर्च केलं होतं. मुलीला आलेल्या स्थळाचा कागद घेऊन आलेल्या शेजारच्या बायाबाईला तिने समजावलं, "ऑकेजनल म्हंजे सणावाराले. सोशल म्हंजे मित्र भेटले की. आता गावात मित्र कोणत्या दिवशी भेटत नाही, सांग?" बायाबाईने त्याच संध्याकाळी ते स्थळ परत पाठवलं.

तर अशा या सुंदरबाईच्या घरी माघ महिन्यात कामिनीसाठी करडी गावचं स्थळ आलं. मुलाचं नाव खेमराज, कृषी केंद्रात नोकरी, घरची धानशेती. कामिनी सव्वीस संपून सत्ताविसाव्यात होती. घरीच लहान मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. आधीची तीन स्थळं आईच्या वहीतच वारली होती, आणि आता मध्यस्थ गोमाजीसुद्धा घराकडे फिरकेनासा झाला होता. हे गेलं तर पुढचं येईलच याची खात्री नव्हती. ते सुंदरबाईलाही कळत होतं. म्हणूनच तिने कागद दोनदा खालून वर वाचला.

मधल्याच ओळीवर तिचं बोट थांबलं. सगळे जिथे 'अनमॅरिड' लिहितात तिथे या मुलाने 'सिंगल' लिहिलं होतं.

"कामिनी, हे काय?"

"एकटा हाय म्हंते."

"लगन झालं नाही म्हंते, की आता एकटा हाय म्हंते?"

कामिनीने मुलांच्या वह्या बाजूला सारल्या. "आई, अनमॅरिड म्हंजे लगन कधीच झालं नाही. सिंगल म्हंजे सध्या कोणी नाही. पण आजकाल सगळेच लिवतेत तसं."

"सगळे लिवतेत त मी पायलेल्या साठ कागदांत काहून नाही?"

सुंदरबाई तालुक्याला, पवनीला गेली. बायोडाटा छापून देणारा भुपेंद्र म्हणाला, "बाई, तो शब्द तयार फॉर्ममध्येच राहते. ज्याले जो आवडला तो ठेवते." तिथून ती इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या घनश्याम गुरुजींकडे गेली. गुरुजींनी पान तोंडातून काढून टाकलं आणि म्हणाले, "सोडचिठ्ठीवाला सिंगल राहू शकते. बायको मेलेला रंडवाबी राहू शकते. अनमॅरिड नाही राहू शकत." तीन जण, तीन तऱ्हा. म्हणजे तिघेही खरं बोलत होते, आणि तिने वहीत 'सिंगल'पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

रविवारी पाहुणे आले. खेमराज, त्याचा मामा आणि आई गोदावरीबाई. मुलगा सावळा, शांत. पोहे खाताना बशीतला कढीपत्ता बाजूला काढत नव्हता, एवढं सुंदरबाईने पाहून ठेवलं. पुरुषमाणसं बाहेर धानाच्या भावावर बोलू लागली तशी गोदावरीबाई "पाणी घेतो जी" म्हणून सरळ स्वयंपाकघरात शिरली. कामिनी चुलीपाशी चहा गाळत होती.

पाणी पिता पिता गोदावरीबाईने कोपऱ्यातल्या तांदळाच्या पिंपाचं झाकण उचललं, बोलता बोलता कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातून चार दाणे काढून दाताखाली धरले. कट्.

सुंदरबाई पाहतच राहिली. आपल्यासारखीच बाई समोर आली की माणसाला भीती वाटते, ती तिला पहिल्यांदा वाटली.

पण तिने वेळ दवडला नाही. "बाई, राग नोका मानू. तुमच्या पोरानं सिंगल काहून लिवलं?"

"मले वाटलंच, तुम्ही विचारान." गोदावरीबाईने हात पदराला पुसला. "चार वर्साआधी साक्षगंध झालं होतं त्याचं, साखरपुड्याची आंगठीबी घातली होती. मोडलं. लगन नाही झालं, म्हून मी म्हटलं अनमॅरिड लिव. तो म्हने, ते खोटं नाही, पण पुरं खरंबी नाही. सिंगल पाहून कोणी विचारन त सांगू, म्हने. साताठ घरी कागद गेला. विचारनाऱ्या तुम्ही पहिल्याच."

सुंदरबाईच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. तेवढ्यात गोदावरीबाईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"आता माही बारी. तुमच्या पोरीच्या कागदावर लिवलं हाय, बी. ए. थर्ड इयर अपिअर्ड. माह्या भाच्याले विचारलं मी. परीक्षेले बसली, असा अर्थ होते म्हने. त निकाल काय लागला, बाई?"

चहाची गाळणी कामिनीच्या हातात तशीच राहिली. "दाखवा जी," ती म्हणाली. कागद पाहिला आणि मग आईकडे पाहिलं.

कामिनीने स्वतः लिहिलं होतं, 'बी. ए. सेकंड इयर पास'. तिसऱ्या वर्षाची परीक्षा ज्या आठवड्यात होती त्याच आठवड्यात सुंदरबाईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, आणि मुलगी दवाखान्यात उशाशी बसून राहिली. पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता राहून गेलं. सुंदरबाईने तिला न सांगता पवनीला जाऊन भुपेंद्रकडून ती एक ओळ बदलून घेतली होती. शब्द तिने स्वतःच सांगितला होता. वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला शब्द.

सुंदरबाईने तोंड उघडलं. "त्याचं असं हाय बाई, की..."

"मी परीक्षेले बसलीच नाही," कामिनी म्हणाली. "दुसरं वरीस पास हाय. कागद चुकीचा हाय." आणि तिने कप ताटात मांडले, ताट बाहेर नेलं.

गोदावरीबाईने तो कागद परत घडी करून पिशवीत ठेवला. निघताना "कळवतो जी" म्हणाली. होकार द्यायचा असला तरी तेच म्हणतात, आणि नकार द्यायचा असला तरी तेच.

पाहुणे गेल्यावर सोमाजी बांधीकडे निघून गेला. अशा वेळी त्याला बांधीची नेमकी आठवण येते.

"तुह्या भल्यासाठीच केलं," सुंदरबाई म्हणाली. "माह्यापायी तुहं शिकनं राहिलं. ते त्या कागदावर उघडं पाहावत नव्हतं मले."

"टीनाताईच्या सासूनंबी भल्यासाठीच केलं असन, आई."

त्यानंतर दोन दिवस दोघी कामापुरत्या बोलल्या. सुंदरबाई सूप घेऊन तांदूळ निवडायची आणि शिकवणीच्या मुलांना कामिनी काय सांगते ते कान देऊन ऐकायची. मुलगी आपल्याविषयी काही बोलते का, असा तिला संशय होता. कामिनी स्पेलिंगं सांगत होती.

तिसऱ्या दिवशी करडीहून फोन आला. पोरीने आपल्या हाताने, मराठीत, एका कागदावर आपली माहिती लिहून फोटो पाठवावा. खेमराजही तसाच पाठवेल.

"हातानं काहून?" सुंदरबाई लगेच म्हणाली. "अक्षर पाहाचं असन त्याहिले. की उद्या पुरावा पाहिजे?"

कामिनीने आपल्या शिकवणीच्या वहीतलं पान फाडलं, दाराकडे पाठ करून लिहिलं आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवला. पान घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. आठ वर्षांत त्या घरातून आईच्या चष्म्याखालून न जाता बाहेर पडलेला तो पहिला कागद. सुंदरबाईने सूप दोनदा पाखडलं. तांदळात एकही खडा नव्हता.

"ऑपरेशनचं लिवलं का?"

"जे होतं ते लिवलं."

दुपार कलता कलता मोबाइल वाजला. कामिनीने वाचलं. पुन्हा वाचलं. सुंदरबाई चष्मा पुसून वाट पाहत राहिली. मागितलं मात्र नाही. शेवटी कामिनीनेच मोबाइल तिच्या हातात दिला. वळणदार अक्षरात सात-आठ ओळी होत्या. शेत किती, पगार किती, बहीण कुठे दिली. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'माझं साक्षगंध मोडलं. त्यात चूक माझी होती.'

सुंदरबाईचं बोट सवयीने तिथेच जाऊन टेकलं. "चूक? कोनती चूक? हे विचाराच लागन. गुरुजीले दाखवतो, नाही त उद्या मीच करडीले..."

कामिनीने मोबाइल हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"ते मी विचारतो, आई," ती म्हणाली, आणि नंबर लावत अंगणात गेली.

सुंदरबाई सूप मांडीवर घेऊन बसून राहिली. दारातून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती उठली, दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला. मग परत येऊन बसली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली.